एकशे बारा

जहाजाच्या टपालात फोटो चालत नाहीत.
किलोबाइटमागे पैसे कापतात, मुदस्सर म्हणाला,
नुसती अक्षरं पाठव, आपा.

म्हणून ही काळी खिडकी.
दाभोळ-धोपावे फेरीच्या तिकीटघरात,
दोन बोटींच्या मधल्या वेळात
सोर्सचं गाठोडं सोडून बसले.

कॉन्फिगर शिरगणतीवाल्यासारखं विचारत जातं:
कंपायलर आहे? आहे.
एसएसएल? आहे.
कर्सेस?
नाही.
आणि तिथेच अडून बसतं, मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं.

कर्सेस आणली. भरतीला नेटवर्क येतं इथे,
ओहोटीला जातं, का ते विचारू नका.
मेक म्हटलं. ओळी धावल्या.
निम्म्यावर वीज गेली.
"झालं काय गो?" फेरीचा तांडेल डोकावला.
"शिजतंय."

शेवटची बोट लागली तेव्हा प्रॉम्प्ट परतला,
एकही तक्रार न करता.
सेटिंगची फाईल हातानं लिहिली:
नाव, सर्व्हर, पोर्ट पाचशे सत्त्याऐंशी,
सहीच्या जागी फक्त दाभोळ.
मग पहिलं पत्र. मराठीत. चार ओळी.

तीन दिवसांनी डर्बनजवळून उत्तर, इंग्रजी अक्षरांत:
आपा, सगळी प्रश्नचिन्हंच आली.
मोजली. एकशे बारा.
सगळ्यांना माझं हो.

मी तर काहीच विचारलं नव्हतं.
अम्मीच्या डोळ्याची पट्टी निघाली,
कालवं महागली, एवढंच.
कर्सेस चुकीची घातली होती,
रुंद अक्षरांची हवी होती.

मेक क्लीन केलंय.
पुन्हा बांधायला घेते उद्या, भरतीला.
हो आधीच येऊन पडलंय,
आता त्याला शोभेलसं
काय विचारावं?