ब्रेक मारल्यानंतरचं चांदर

साहेबांनी मला दिलं होतं: एक शिट्टी,
पत्रकांचा गठ्ठा, एक कर्णा
ज्याची बॅटरी 'थांबा'मधल्या 'था'वरच मान टाकायची,
आणि एक वही.
किती जण वाकले, लिही.

पहिल्या दिवशी, सहा ते दहा,
एकशे बारा.
रकाने आखले होते मी: पायी, सायकल, स्कूटर.
स्कूटरवाले गाडी कलती करून
आरशांसकट अशी अलगद काढतात दांड्याखालून
जसा झोपलेल्या पोराखालचा हात काढावा.

मासळीची पाटी आधी सरकली पलीकडे,
मग इस्पेरांस.
मी शिट्टी फुंकली. तिनं वळून विचारलं,
"बांगडे जाय?"

पोदेर कैतान टोपलीसकट वाकला.
गाडी येतेय रे, म्हटलं.
"पाव निंवता, सायबा. गाडी निंवना."

फाटकवाला बसलिंग धारवाडकडचा,
दिवसभर फोनवर नुसते आकडे बोलतो.
त्याच्या खोलीत, कंदिलाच्या खिळ्याखाली,
मे महिन्यापासून एक चप्पल आहे. डावी.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
पंचनामा मीच लिहिला होता.

शाळेत भाषण द्यायचं होतं.
कलम, दंडाची रक्कम, सगळं पाठ करून गेलो.
चौथीतल्या उर्वी जल्मीनं हात वर केला:
ब्रेक मारल्यावर गाडी कुठं थांबते?
मी म्हणालो, फाटकावर.
इतकं धडधडीत खोटं
मी साक्षीच्या पिंजऱ्यातही बोललो नव्हतो.

बसलिंगला विचारलं.
कोळसा भरलेला असला तर किलोमीटर धरा, म्हणाला,
आणि परत फोन उचलला.

किलोमीटर म्हणजे केवढा, हे पोरांना कळेना.
खरं तर मलाही.
म्हणून शनिवारी आम्ही तो चालून मोजला,
रुळांवरून नव्हे, शेजारच्या रस्त्यानं,
एकवीस पोरं, त्यांच्या बाई,
फुटबॉलच्या मैदानातून आणलेली चुन्याची पिशवी.

समजा फाटकाशी ब्रेक मारला.
चला.
पिठाची गिरण आली. थांबली? नाही.
पांढरा खुरीस आला, कालच्या मेणबत्त्यांचे डाग. नाही.
अवधूतचं गॅरेज, जिथं माझी मोटारसायकल
महिनाभर पोट उघडून पडलीय. नाही.
बाल्कांववरून एकानं विचारलं, कसला मोर्चा?
"गाडी थांबवतोय," उर्वी म्हणाली.
मग भातशेत. बगळे.
मग कुणी विचारेना.
एकाच्या पायाला बूट चावत होता, तो बुटाशीच भांडत चालला.

जिथं पोचलो, तिथून फाटक दिसतच नव्हतं.
उर्वीनं रेघ ओढली, हात चड्डीला पुसले,
आणि मागं बघत उभी राहिली.
बाई म्हणाल्या, चल.
मी म्हटलं, राहू दे जरा.

सोमवारी वहीत एकाहत्तर.
मंगळवारी अठ्ठ्याहत्तर.
साहेब म्हणाले, चढला कसा आकडा?
मी म्हटलं, सायरू गावकराकडे लग्न होतं.
त्यांनी 'पाहिले' अशी सही केली.

रेघ गुरांनी तुडवली. पोरं पुन्हा ओढतात,
दरवेळी थोडी पुढं,
आणि मी ती मागं घ्यायला सांगत नाही.

कैतान आता थांबतो.
नीट थांबत नाही: एक पाय पेडलवर,
पुढचं चाक दांड्याखाली,
कोळशाच्या गाडीवर पोंय पोंय करत राहतो
जशी ती बाजूला होणार आहे.
काल त्यानं माझ्या हातावर एक पाव ठेवला.
मी म्हटलं, लाच घेत नाही.
"लांच न्हय, सायबा. निंवला."

खाता खाता वाघिणी मोजल्या. अठ्ठावन्न.
वहीत त्यांना रकाना नाही.
पाव निवाला होता खरा,
आतून मात्र अजून थोडा ऊन.