अब्जात चार

कंटेनर परत आला तो मंगळवारी.
रॉटरडॅमच्या धक्क्यावर बावीस दिवस ताटकळून,
पोटातले एकोणीस टन शेंगदाणे जसेच्या तसे,
दाराला नवं सील, आणि एक कागद:
मर्यादा अब्जात चार. आढळले अकरा.

"अब्ज म्हणजे किती?" सिगा जूफनं विचारलं.
काओलाकच्या गोदामात तिनं चौदा हंगाम दाणे निवडलेत.
सुरकुतलेला, काळवंडलेला, कोंब धरलेला दाणा
तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळतो.
मी प्रयोगशाळेतला. म्हणालो,
समज, अख्ख्या सालूम नदीत चार चिमूट मीठ.
ती हसली.
सालूम आधीच खारट आहे, म्हणाली.

शितावरून भाताची परीक्षा होते,
बुरशीची होत नाही.
दहा हजार दाणे निर्दोष
आणि एकातच सगळं विष मुकाट बसलेलं.
माझी नळी पोत्यात डावीकडे शिरली,
तो उजवीकडे होता.
तिकडे कुणाची तरी नळी उजवीकडे शिरली.
एवढंच.

नियमावर मला रागावता येत नाही.
नव्या पोरांना तो मीच शिकवतो,
फळ्यावर शून्यं काढून काढून खडू संपतो.
माझ्या मामाचं पोट फुगलं होतं शेवटच्या वर्षी.
यकृत, असं डॉक्टर म्हणाले.
तो काय खायचा, कुणी विचारलं नाही.

गुरुवारी माबा सिसे आला, टोपी मागे सारून
पोत्यांभोवती एक फेरी मारली त्यानं.
निम्मा भाव. रोख.
मालकानं माझ्याकडे पाहिलं,
मी सीलच्या तुटक्या तारेकडे.
संध्याकाळपर्यंत गोदाम झाडूनसुद्धा झालं.

"आणि आपल्यासाठी किती?"
सिगानं दारात चप्पल चढवता चढवता विचारलं.
आपल्यासाठीही आहे आकडा, म्हणालो,
फाइलीत आहे.
"मोजतं कोण?"
चप्पलचा पट्टा तिनं दोनदा ओढून पाहिला.

रविवारी तिच्या अंगणात जेवायला बोलावलं.
चटईवर मधोमध परात, भातावर माफे,
दाण्यांचा दाट, तांबूस रस्सा,
कडेनं तेल सुटलेलं,
आणि सहा पोरांचे हात आपापल्या कोपऱ्यात थांबलेले.
मी विचारलं, दाणे कुठले?
तिनं मासळीचा मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला.
"बाजारातले," म्हणाली.
"बस ना. उभ्यानं काय विचारतोस."

मी बसलो.