खाकी कव्हर

"जत्रेत असली बाई चालायची नाही,"
बोरीच्या समितीवरचे केंकरेकाका म्हणाले,
मान वळवून, पण नीट बघून झाल्यावर.

बाई नव्हे ती. कंबरेखाली मासा आहे.
स्विंडनला जायच्या आदल्या आठवड्यात
कायतानने माझ्या गिटारवर रंगवलेली,
होडीच्या उरलेल्या रंगाने.

सेलोटेप रंग उपटते. म्हणून
रंगाऱ्याची कागदी पट्टी, आधी पँटला चिकटवून
अर्धा डिंक मारलेली,
आणि मुलीच्या वह्यांचा खाकी कागद.
पिकअपभोवती कापताना ब्लेड थरथरलं.
शर्वाणीने वर लेबलही लावलं:
नाव, इयत्ता, तुकडी.
विषय: मासा.

रात्री दीडपर्यंत वाजवलं.
कोपराखाली घामाने कागद मऊ पडत गेला,
भज्यांच्या पुडीसारखा आरपार,
आणि तिसऱ्या अभंगाला
तिचा एक डोळा वर आला.
पहिल्या रांगेत केंकरेकाका.
त्यांची टाळी चुकली नाही.

घरी पट्टी सोडवली, हळू, फार हळू.
तरी एक खवला आलाच तिच्याबरोबर,
निळा, नखाएवढा.

स्विंडनला अजून कालचाच दिवस असेल.
फोटो काढला. पाठवला नाही.
खवला पाकिटात ठेवलाय, पट्टीसकट.