वर्ष झाकलेली फ्रेम

जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला टेकून माझं टेबल आहे
एकवीस वर्षांपासून. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप.
शिक्के मला लांबून ओळखू येतात.
जांभळा गोल नोटरीचा, लांबट आवक-जावकचा
आणि तारखेचा, ज्याचं चाक रोज सकाळी फिरवायचं असतं
आणि कोणीतरी रोज विसरतं.

म्हणून यामिनीने पाच माहितीपुस्तकं समोर ठेवली
आणि पाचांवरही छापलेलं होतं 'मान्यताप्राप्त',
तेव्हा मी एवढंच विचारलं, कोणाची?

बाबा, मान्यता एकच नसते, ती म्हणाली.
विद्यापीठाची संलग्नता, ती पदवीपुरती.
बार कौन्सिलची वेगळी, तिच्याशिवाय सनद नाही.
नॅकची श्रेणी म्हणजे प्रगतिपुस्तक, कॉलेजचं.
आणि स्वायत्त म्हणजे पेपर काढणारे तेच, तपासणारेही तेच.
म्हणजे पंचही घरचे, मी म्हटलं.
ती हसली नाही.
राष्ट्रीय विधी विद्यापीठ तिच्या रँकनेच वजा केलं होतं,
तो विषय आम्ही जेवताना काढत नाही.

शेजारच्या टेबलावर निमजे. कोर्ट फीचे स्टॅम्प विकतो.
त्याची एलएल.बी.ची पदवी घरी ट्रंकेत आहे, लॅमिनेट केलेली.
तो पास झाला त्या वर्षी
कॉलेजच्या मान्यतेचं नूतनीकरण कुठेतरी अडकलेलं.
"अभ्यास म्या केला बे,
अन् परवानगी मागाची ते विसरून गेले."
सनदेचा अर्ज तीनदा परत आला, मग त्याने पाठवणं सोडलं.
अजूनही काळे कोटवाले त्याला हळूच कलम विचारून जातात.

मे महिना. स्कूटरच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून निघालो.
पहिलं कॉलेज वर्धा रोडला, सगळं काचेचं.
आत एसी, भिंतीवर मान्यतेची फ्रेम,
फ्रेमला प्लास्टिकच्या झेंडूची माळ.
माळ नेमकी वर्षावर आलेली.
मॅडम म्हणाल्या, प्रोसेसमध्ये आहे सर, सगळ्यांचंच असतं.
मी इतकी प्रतिज्ञापत्रं टाइप केली,
'प्रोसेसमध्ये आहे' असं शपथेवर कोणी सांगितलं नाही अजून.
एका बोटाने माळ उचलली.
तारीख होती. होऊन गेलेली.

दुसरीकडे ग्रंथालयाला कुलूप, किल्ली शिपायाकडे,
शिपाई लग्नाला उमरेडला.

तिसरं जुनं. श्रेणी मधलीच.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता गरम वारा फेकत होता.
अभिरूप न्यायालयाच्या खोलीत कठडा एका बाजूने हलत होता
आणि एक मुलगी रिकाम्या खुर्चीपुढे युक्तिवाद करत होती.
अडखळली. पहिल्यापासून सुरू केलं.
पुन्हा तिथेच अडखळली.
यामिनी दारात चप्पल काढून उभी राहिली,
का काढली कोण जाणे.

मग ऑफिसात जाऊन तिने पत्र मागितलं.
कारकुनाने चष्मा वर केला. कशाला पाहिजे?
वाचायचं आहे, ती म्हणाली.
फाइल निघायला चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात मी बाहेर दोनदा ऊसाचा रस प्यालो.

सोमवारी निमजेने विचारलं, "पाह्यलं का पत्र?"
तिने वही काढली, उभ्यानेच वाचून दाखवलं:
क्रमांक, दिनांक, तुकड्या किती, जागा किती,
कोणत्या वर्षापर्यंत.
तो मान खाली घालून ऐकत होता.
"तीनच वर्षं झाले हे. तुयं तर पाच वर्षाचं हाय."
"दर जूनला जाऊन विचारीन."

निमजेच्या हातातला स्टॅम्प छिद्रांवरून न फाटता
मधूनच फाटला. दहा रुपये गेले.
"विचारत राहजो," तो म्हणाला,
आणि रांगेतल्या माणसाकडे वळला.
हं, कितीचा पाहिजे?