नवसागर

सांगलीपासून समुद्र किती लांब, ते मी
मिठाच्या पिशवीवरून सांगतो:
चार किलो दोनशे ग्रॅम,
आरओचे सहा जार,
आणि रात्रभर पाणी घुसळणारा एक पंप.
सकाळी, दूध तपासावं तसा
काचेचा काटा सोडला.
बुडला, वर आला,
हव्या त्या रेषेशी मान टेकून थांबला.
झाला समुद्र.
आक्का म्हणाली, "मासे कुठायत?"

मासे नाहीत. पाच-सहा आठवडे तरी नाहीत.
कोल्हापूरचा शौकत नदाफ म्हणालेला,
पाणी आधी बिघडतंय, मग पिकतंय,
मधल्या दिवसांत कुणाला आत घालू नका.
त्याच्या अकरा वर्षांच्या टाकीतली मूठभर वाळू
ओल्या फडक्यात बांधून दिली त्यानं, विरजणासारखी.
वर म्हणाला, एक कोळंबी टाका. कुजू दे.

कोळंबी.
दिवस मावळल्यावर चूल न पेटणाऱ्या आमच्या घरात.
जिथं आक्का अजून दुहेरी फडक्यातून पाणी गाळते
आणि फडक्यात जे दिसत नाही ते
उलटं धरून, हलक्या हातानं,
परत हौदात सोडते.

म्हणून नवसागर.
गणपती पेठेतल्या दुकानदारानं विचारलं, "कल्हईला का?"
म्हटलं, "नाही, समुद्राला."
तो हसला नाही. पुडी बांधली.
पुडीतला निघाला मळकट,
शेवटी मिरजेला लॅबमधली शुद्ध बाटली उघडली.
पाऊण ग्रॅम. टाकीत टाकला, विरघळला,
वास नाही, रंग नाही, काहीच नाही.

दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी.
बाकावरचे लोक माझ्या बोटांकडे बघत असतात,
मी वर बघत नाही.
संध्याकाळी घरी पाच मिली माझं पाणी,
आठ थेंब, हलवा, पाच मिनिटं थांबा,
आणि आता बाकावर मी.

हिरवं.
दुसऱ्या दिवशी हिरवं.
आठव्या दिवशी हिरवं, शेवाळासारखं.
शेजारचे आवटी येऊन बघून गेले.
"नुसत्या पाण्याला दिवा लावलाय होय?"
तेराव्याला हिरवं जरा फिकटलं
आणि दुसऱ्या नळीत जांभळं चढलं,
वांग्याच्या सालीचं.
म्हणजे एक विष खाऊन कुणीतरी
दुसरं विष टाकत होतं,
आणि ते दुसरं खाणारा अजून जन्माला यायचा होता.

मग वाळूवर चहा सांडल्यागत तपकिरी थर आला.
मी पुसायला गेलो तर आक्का म्हणाली, राहू दे.
दुपारी लाइट गेली की
इन्व्हर्टरचं बटण आता तीच दाबते.

चौतिसाव्या दिवशी, रात्री पाऊण ग्रॅम टाकून झोपलो,
सकाळी नळी पिवळी.
किटमधल्या कागदावर पिवळ्यापुढं शून्य लिहिलेलं.
हळदीच्या गावात पिवळ्याला नुसतं शून्य म्हणायचं
जिवावर आलं.
दुसरी नळी निळी. कसलंच जांभळं नाही.

त्याच सकाळी आक्कानं
मोतीबिंदू काढलेला डोळा काचेला लावला.
"हे काय सरकतंय?"
राईहून बारीक, पांढरं,
एक, मग पाच, मग तिनं मोजणं सोडलं.
"तू टाकलेस?"
"नाही. वाळूतनं आले असतील."
बराच वेळ ती तशीच, नाकाची वाफ काचेवर.
मग म्हणाली,
"म्हणजे घर ह्यांचं आहे.
आणि तुझे मासे खाणार काय?"

मला उत्तर माहीत होतं.
लॅबची वेळ झाली म्हणालो.

त्याला आता तीन रविवार झाले.
शौकतचा फोन येतो, जोडी राखून ठेवलीय, केशरी.
बघतो म्हणतो.
खाणारे उपाशी राहू नयेत म्हणून
संध्याकाळी पाऊण ग्रॅम नवसागर,
सकाळी पिवळं.
आवटी विचारतात, मासे कुठायत?
आक्का म्हणते, आहेत की.