नवतपाच्या आधी

साडेतीन किलो.
नुसता ससा, टोपली वजा करून.
नगराळे डॉक्टरीणबाईंनी त्याला मांडीवर घेतला,
बोटांनी बरगड्या शोधल्या,
पुन्हा शोधल्या,
आणि म्हणाल्या, "सापडत नाहीयेत."

नाव मुनीम. इतवारीतल्या गादीवर
खातेवही पोटावर टेकवून बसावं
तसा हा आमच्या फ्रिजपुढे.
रेवती होस्टेलला गेली तेव्हा
तिच्या ओढणीच्या घडीत मावायचा.

"काय काय देता?"
मी म्हटलं, दुकानातले दाणे, रंगीत. वाटीभर.
हे जमिनीकडे बघत म्हणाले, सकाळी माझ्या चहातलं एक बिस्कीट.
मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, दुपारी मशीन थांबवते तेव्हा
संत्र्याच्या दोन फोडी.
ह्यांना माहीत नव्हतं.
शिवाय वरच्या उके वहिनी
जिन्यातून गाजर सोडतात, ते सगळ्यांना माहीत होतं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मान मागे वळत नाही त्याची.
रात्रीच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो,
त्यात त्याचं सत्त्व असतं. हा तिथवर पोचतच नाही.
आणि पुढं नवतपा आहे.
एवढं अंग घेऊन त्या उन्हात हा काय करेल?
पण उपाशी ठेवू नका. एक दिवसही नाही.
सशाचं पोट थांबलं की ससा थांबला."

तेव्हापासून घरात मोजणी चालू आहे.
दाणे दर आठवड्याला थोडे कमी.
लेंड्या रोज सकाळी, ह्यांच्याकडे,
रिटायर होईस्तोवर टपाल मोजलं त्याच गांभीर्यानं.
गवत वाडीच्या गोठ्यावरून, वाळलेलं, झटकून.
पहिल्या दिवशी मुनीम त्यावर बसला.
दुसऱ्या दिवशी त्यावर मुतला.
तिसऱ्या रात्री दोन वाजता
रिकामी वाटी दातांत धरून आपटली,
आपटली,
आपटली.

"काहून असा करून राहिला बापा,"
म्हणत हे उठले.
अंधारात हात बिस्किटांच्या डब्यावर गेला.
मी जागीच होते.
हात तिथंच राहिला थोडा वेळ,
मग परत आला.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
मला त्यांच्या हाताची दया आली.

सकाळी मी दोऱ्याचे रिकामे कोन काढले, पुठ्ठ्याचे.
ब्लाउजांच्या हंगामात पोतंभर साठतात.
त्यात गवत कोंबलं, मधे कोथिंबिरीची एक काडी.
त्यानं कोन ढकलला, लाथाडला,
पलंगाखाली नेऊन मारला.
मग तो आवाज आला.
नवं सुती कापड उभं फाडावं तसा,
पण अगदी बारीक, न संपणारा.
मी मशीन थांबवली. ह्यांनी बातम्या.

आता हे दर बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात
मुळ्याचा पाला मागतात, मुळे नको म्हणतात.
भाजीवाली विचारते, "घरी गाय आहे का भाऊ?"
"नाही. मुनीम आहे."
ती जास्तीचा पुदिना टाकते, बिचाऱ्याची नोकरी काय असेल म्हणून.

रेवतीचा फोन येतो. "संत्रं देतेस ना त्याला?"
"रविवारी. नखाएवढं."
ती गप्प होते. मग विचारते,
"आणि बाबांना?"
हे मान हलवतात, सांगू नको म्हणून.

काल ताणकाट्याला पिशवी लावली.
तीन किलो दोनशे.
एप्रिल निम्मा गेला. कूलरला नव्या ताट्या बसल्या.
आणि आज सकाळी फरशीवर
मुनीमनं पुढचे पंजे चाटले, कान पुसले,
थांबला,
आणि मान मागे वळवली.
शेपटीपर्यंत नाही. कमरेपर्यंत.
आम्ही दोघं पोह्यांच्या बश्या धरून बसलेले.
तर्री गार झाली.
कुणी घास घेतला नाही,
चमचा वाजेल म्हणून.