धूर कसा आहे?

मखमलाबाद. रविवार, पहाटेचे चार चाळीस.
मागे एकशे साठ किलो मटकी, ओल्या गोणपाटात,
पुढे इंजिन, गारठलेलं, मख्ख.

चावी अर्धी: हीटरचा दिवा पिवळा होतो, विझतो.
चावी पूर्ण: स्टार्टर फिरतो, चांगला फिरतो,
घर्र घर्र घर्र,
शेजाऱ्यांचं कुत्रं उठतं,
शेजारी उठतात,
गाडी तेवढी उठत नाही.

रविवारी नाशिक मिसळ खातं.
सातला अकरा हॉटेलांत कट उकळत असणार
आणि मटकी माझ्या दारात.

बॅटरीवरचा पांढरा खार गरम पाण्याने धुतला,
टर्मिनल आवळले,
काल जिथे डिझेल भरलं त्या पंपवाल्याचा उद्धार केला.
मग फोन लावला शरणपूरला, बर्नबासकाकांना.
त्यांनीच दिवाळीत ही गाडी मला विकली
आणि चावी देताना बॉनेटवर हात ठेवून
जरा जास्तच वेळ उभे राहिले होते.

दुसऱ्या रिंगला उचलला.
हॅलो नाही, कोण नाही.
“धूर कसा आहे?”

प्रांजलला गोधडीसकट सीटवर बसवलं,
म्हटलं, मार चावी.
मी मागे, सायलेन्सरपाशी उकिडवी.
“काळा नाही, पांढरा नाही. धूरच नाही, काका.”
“मग डिझेल वर येतच नाहीये.
बॅटरीला उगाच बोललीस.”

दहाचा पाना. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू, अर्धा आटा सैल.
हातपंप दाबत राहा.
फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा.
“बुडबुडे थांबेपर्यंत दाब.”
दाबते आहे.
“थांबले?”
नाही.
“आता?”
नाही थांबत, काका, बोटं बधिर झालीत.

बोटं मटकीच्या पोत्यात खुपसली.
आत ऊब होती.
मोड फुटताना धान्य तापतं, हे मला रोजचं माहीत,
तरी त्या क्षणी वाटलं,
या गाडीत चालू असलेली एकच गोष्ट ही.

फोनवर शांतता. नंतर खोकला.
“एक सांगायचं राहिलं होतं तुला.
टाकीतून निघते ती नळी, डाव्या अंगाला, क्लिपच्या मागे,
तिथे साबण आहे.”
साबण?
“कसारा घाटात लावला होता. तात्पुरता.”
कधी?
“तीन वर्षं झाली असतील.”

मला हसू आलं. रागही आला, पण हसू आधी.
पाठीखाली गोणपाट घालून शिरले गाडीखाली,
तोंडात मोबाइल, त्याचा उजेड.
होता साबण. लाल, वाळलेला,
थंडीने टाचेसारखा भेगाळलेला,
आणि त्या भेगांतून रात्रभर
गाडी हवा पीत बसली होती.

धुण्याच्या दगडावरची वडी आणली, थुंकी लावून मळली,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, करकचून, सात वेढे.
पुन्हा पंप.
फेस, फेस, थोडा कमी फेस,
मग एकदम सोनेरी सरळ धार
आणि तळव्याखाली पंप कडक झाला,
झोपेतल्या माणसाने हात धरावा तसा.

प्रांजल, मार.
एक सिलिंडर बोलला. थांबला. दुसरा.
मग चारही एकदम, भांडल्यासारखे.
पांढरा धूर पेरूच्या झाडात शिरला.

“ठेवते काका, उशीर झाला.”
“थांब. बॉनेटपाशी धर जरा फोन.”
धरला.
किती वेळ, मोजलं नाही.
पलीकडून त्यांचा श्वास आणि भिंतीवरचं घड्याळ,
अलीकडून ही.
“वॉल्व वाजतोय,” एवढंच म्हणाले, “वाजू दे.
नळी मात्र नवी टाक आज.
पैसे माझ्याकडून घे.”

पहिल्या हॉटेलात सव्वासातला पोचले.
भटारखान्यातून बाहेर आलेल्या अंबूताईंनी
मूठभर मटकी उचलली, वास घेतला, नाक मुरडलं.
“मोड लांबलेत गं आज. आणि डिझेल मारतंय कशाला?”
मी हात पुढे केले, तेही वासाला.
त्यांनी चहा दिला. साखर जास्त होती.
गाडी मी बाहेर चालूच ठेवली होती.